कित्त्याची शेवटची ओळ

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेच्या शेवटी उपकारस्तुतीची प्रार्थना होते. उत्तीर्ण झालेल्या मुलांची नावे वाचली जातात, पाळक त्यांच्यासाठी प्रार्थना करतात आणि महिला मंडळातर्फे प्रत्येकाला एक गुलाब व एक पेन दिले जाते. नावे वाचण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आणि निवृत्त झाल्यावर शब्बाथ शाळेतला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळेतला, आठवी ते बारावीच्या मोठ्या मुलांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. गळ्यात पडला असेच म्हणते, कारण पहिल्या वर्षी खरोखरच तसे वाटत होते.

तीन वर्षांपूर्वी त्या रविवारी प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाचा) विधीही होता आणि उपदेशही लांबला होता. वेळ वाचवण्यासाठी मी पुलपिटपाशी उभ्या उभ्याच ठरवले की ७५ टक्क्यांच्या वरच्या मुलांचीच नावे वाचावीत आणि बाकीच्यांचे एकत्र अभिनंदन करावे. सात मुले पुढे आली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. ज्या मुलाने त्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरल्या होत्या, खुर्च्या मांडल्या होत्या आणि पेटी पुसून ठेवली होती, तो ४८ टक्के मिळवून दहावी झाला होता. तो मागे दाराशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. उपासना संपल्यावर सतरंज्यांच्या घड्या घालता घालता तो मला म्हणाला, "बाई, पुढच्या वर्षी यादी आदल्या दिवशी द्या की. पुढं किती खुर्च्या लागतील ते कळतंय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आले असते. त्या दिवशी घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की वर्षभर रविवारी पाऊण तास मी मुलांना जे शिकवत होते, ते मी त्याच मुलांच्या देखत पाच मिनिटांत खोडून टाकले होते. मुले धडा विसरतात. कोणाला पुढे बोलावले हे विसरत नाहीत.

यश म्हणजे काय, याचे आमच्या समाजातले उत्तर पिढीगणिक बदलत आले आहे. कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी आले, त्यानंतर शाळा उभ्या राहिल्या, १८९४ मध्ये मिरजेला डॉक्टर वॉनलेस यांचे रुग्णालय सुरू झाले, आणि माझ्या आजीच्या पिढीला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होणे किंवा मिशनच्या शाळेत मास्तर होणे म्हणजे जन्माचे सार्थक वाटू लागले. आमच्या पिढीला बँकेची नोकरी हवी होती. आताच्या आईवडिलांना पुणे, बंगळूर आणि त्याही पलीकडचे काही हवे आहे. यात गैर काही नाही; आपल्यापेक्षा मुलांचे बरे व्हावे असे वाटणे हा आईबापांचा धर्मच आहे. मात्र प्रत्येक पिढीने आपल्या इच्छेवर "देवाचा आशीर्वाद" असे लेबल लावले आणि ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्याविषयी मंडळी गप्प राहिली. ती शांतता मुलांना अचूक ऐकू येते.

पुढच्या रविवारी मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि मुलांना उत्पत्तीच्या पुस्तकातली योसेफाची गोष्ट उघडायला सांगितली. ही गोष्ट त्यांना बालवर्गापासून पाठ आहे. रंगीत झगा, खड्डा, भावांनी केलेली विक्री, तुरुंग आणि शेवटी मिसर देशाचा अधिपती, अशी ती त्यांच्या डोक्यात एखाद्या सिनेमासारखी बसलेली आहे, आणि सिनेमाप्रमाणेच शेवटच्या दृश्यासाठी ती लक्षात राहिलेली आहे. मी त्यांना एवढेच काम दिले की योसेफाला शास्त्रात "यशस्वी" कुठे म्हटले आहे ते शोधा. सगळ्यांनी साहजिकच एकेचाळिसावा अध्याय उघडला. तिथे फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, अंगठी आहे, तलम तागाची वस्त्रे आहेत, सोन्याची कंठी आहे, दुसऱ्या क्रमांकाचा रथ आहे. शब्द मात्र सापडेना. पाच-सात मिनिटांनी नववीतल्या एका मुलीने एकोणचाळिसाव्या अध्यायात बोट ठेवले. परमेश्वर योसेफाबरोबर होता आणि तो यशस्वी पुरुष झाला, हे वाक्य त्या अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात आहे. म्हणजे ते अशा माणसाविषयी लिहिले आहे, ज्याला नुकतेच भावांनी विकले आहे, ज्याला परक्या देशातल्या सरदाराने विकत घेतले आहे आणि ज्याच्या अंगावरचा झगासुद्धा आता त्याचा राहिलेला नाही. अध्यायाच्या शेवटच्या वचनात देव त्याला यश देतो असे पुन्हा म्हटले आहे, आणि त्या वेळी तो खोट्या आरोपाखाली तुरुंगात आहे.

वर्ग थोडा वेळ काही बोलला नाही. मग हिशेबाला सुरुवात झाली, कारण गणिताच्या बाईंच्या वर्गात हिशेब होणारच. सतराव्या वर्षी तो या गोष्टीत येतो आणि तिसाव्या वर्षी फारोसमोर उभा राहतो, म्हणजे मध्ये तेरा वर्षे जातात. त्यातली दोन पूर्ण वर्षे तर केवळ तुरुंगातून सुटलेला फारोचा प्यालेबरदार त्याला विसरला म्हणून गेली. "म्हणजे बाई, आपल्या वयाचा असताना तो तिथं गेला आणि कॉलेज, नोकरी, लग्न सगळं व्हायच्या वयापर्यंत तिथंच?" असे एकाने विचारले. होय, तिथेच. त्याला विकत घेणाऱ्या त्या सरदाराच्या, पोटीफरच्या, घरात कोणी पाहत नव्हते तेव्हा त्याने धन्याच्या बायकोची मागणी नाकारली, त्याचे बक्षीस म्हणून त्याला तुरुंग मिळाला. चांगले वागले की चांगलेच होते, असे मुलांना शिकवणाऱ्याने हा अध्याय जरा जपूनच शिकवावा.

याचा उलटा धोकाही मला लवकरच दिसला. त्या धड्यानंतरच्या आठवड्यात एका चिरंजीवांनी घरी जाहीर केले की खरे यश मार्कांत नसते असे बाईंनी सांगितले आहे, आणि त्याची आई मला भाजी मंडईत गाठून म्हणाली, "बाई, तेवढं जरा परत समजावून सांगा." मग पुढच्या रविवारी दानीएल. बाबेलच्या राजाने परीक्षा घेतली तेव्हा दानीएल आणि त्याचे तीन मित्र इतरांपेक्षा दसपट सरस निघाले, असे पहिल्याच अध्यायात आहे. त्यांनी राजाचे अन्न नाकारले होते, अभ्यास नाकारला नव्हता. जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे प्रेषित पौलाचे सांगणे भूमितीलाही लागू आहे. आळसाला अध्यात्माचे पांघरूण घालू नये, एवढे सांगून मी तो विषय संपवला, कारण आळशी मुलाशी अध्यात्मावर वाद घालण्यासारखे निष्फळ काम दुसरे नाही.

माझ्या मते शीलाविषयीचा सर्वांत चांगला धडा मी शिकवलेला नाही. पौलाने आपला तरुण शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय आम्ही वाचत होतो. सुभक्तीविषयी कसरत कर, शारीरिक कसरत थोड्या बाबतीत उपयोगी आहे, असे पौल तिथे लिहितो. वर्गात एक अकरावीतला मुलगा आहे, जो रोज पहाटे तालमीत जातो. त्याने मान वर केली आणि अत्यंत गंभीरपणे म्हटले, "बाई, पौलानं कोल्हापूर बघितलं नव्हतं वाटतं." वर्ग पाच मिनिटे हसत होता. ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधले, त्या गावातल्या पोराला हे वचन पटवणे सोपे नाही, हे मलाही मान्य करावे लागले.

मग मी त्यालाच उभे केले आणि तालमीत पहिल्या दिवसापासून काय करायला लावतात ते सांगायला लावले. त्याने सांगितले की आधी डाव शिकवत नाहीत. आधी हौद्यातली माती उकरायची. ती लाल माती असते, तिच्यात तेल, ताक, हळद घातलेली असते, आणि ती रोज खालवर केली नाही तर दगडासारखी घट्ट होते. त्यानंतर जोर आणि बैठका. वस्ताद कोपऱ्यात बसलेले असतात आणि ते आपल्याकडे पाहत नाहीत असे वाटते, पण एक बैठक अर्धी सोडली तरी त्यांना कळते. "मैदानात लोक बघतात ती कुस्ती पाच मिनिटांची असती, बाई. बाकीचं सगळं अंधारात," असे तो म्हणाला आणि खाली बसला. मी फळ्यावर काहीही लिहिले नाही. पौलाला जे म्हणायचे होते ते पौलावर शंका घेणाऱ्याने सांगून टाकले होते. प्रार्थना, वचनाचे वाचन, खरे बोलण्याची सवय, आईशी बोलतानाचा आवाज, ही सगळी माती उकरण्याची कामे आहेत, हे त्यानंतर दोन-तीन रविवार मुले आपापसांतच बोलत होती. उशिरा येणाऱ्याला आता आमच्या वर्गात "माती उकर" असे म्हणतात.

त्याच अध्यायात पुढे, कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये, तर भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास व शुद्धता यांविषयी विश्वास ठेवणाऱ्यांचा कित्ता हो, असे बाराव्या वचनात आहे. "कित्ता म्हणजे काय?" असे निम्म्या वर्गाने विचारले. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हा शब्द ठाऊक नसणे मी समजू शकते, परंतु मराठी माध्यमातल्या मुलांनाही तो आता ठाऊक नाही. मी पुढच्या वेळी दुरेघी वह्या नेल्या. प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या ओळीत वळणदार अक्षरात एक वाक्य लिहून दिले आणि खालच्या दहा ओळी त्यांना गिरवायला सांगितल्या. सोळा-सतरा वर्षांची मुले पहिलीतल्यासारखी जीभ बाहेर काढून लिहीत बसली होती. तो देखावा पाहण्यासारखा होता.

वह्या गोळा केल्यावर मला जे अपेक्षित होते तेच दिसले, कारण लहानपणी मीही तेच केले होते. पहिली गिरवलेली ओळ सगळ्यांची चांगली होती. दुसरी जवळपास तशीच. पाचव्या ओळीपासून अक्षर कलंडायला लागले होते आणि दहावी ओळ बहुतेकांची वाचवत नव्हती. असे का झाले, हे मी विचारले. "हात दुखला," "कंटाळा आला," अशी उत्तरे आली. शेवटी सतरंज्या घालणारा तो मुलगा म्हणाला की पहिली ओळ लिहिताना मी तुमच्या अक्षराकडे बघत होतो, नंतर नंतर मी माझ्याच वरच्या ओळीकडे बघून लिहीत गेलो. मी तीस-पस्तीस वर्षे वह्या तपासल्या, पण कित्ता बिघडतो तो कशामुळे, हे इतक्या नेमक्या शब्दांत मला कोणी सांगितले नव्हते. मला निकालाचा तो रविवार आठवला. मीही त्या दिवशी मागच्या वर्षीच्या आपल्याच ओळीकडे बघून लिहिले होते.

श्रद्धेविषयी शिकवणे मात्र याहून अवघड आहे. शाळेत आमच्या मुलांच्या वर्गात एखाददुसराच ख्रिस्ती मुलगा असतो. गणपतीत मित्रांच्या घरी मोदक खाणारी, नाताळात त्याच मित्रांना केक नेऊन देणारी ही मुले दोन्ही घरांत सुखाने वावरतात, आणि मग एखादा मित्र सहज विचारतो की तुम्ही ख्रिश्चन कशामुळे? बारावीतल्या एका मुलीने हाच प्रश्न माझ्यासमोर ठेवला. तिला पुढच्या महिन्यात दृढीकरण, म्हणजे आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याचा विधी, घ्यायचे होते. ती म्हणाली, "मी त्या घरात जन्मले म्हणून ख्रिस्ती आहे. जोशींच्या घरात जन्मले असते तर जोशी असते. मग त्यात माझा विश्वास कुठला?" काही मुलांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू आता बाई रागावणार.

मी रागावले नाही, कारण प्रश्न बरोबर होता. येशूच्या पौगंडावस्थेतला एकच प्रसंग शुभवर्तमानात आहे. तो बारा वर्षांचा आहे, आईबाप तीन दिवस त्याला शोधत आहेत, आणि तो मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत आहे. ते शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकाला त्या वयातले एवढेच नोंदवावेसे वाटले. मग मी मुलांना नारायण वामन टिळकांविषयी सांगितले. कोकणातल्या ब्राह्मण घराण्यातल्या या कवीने बराच काळ वाचन आणि विचार करून १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या दुःखाने वेगळ्या राहिल्या, काही काळाने नवऱ्याकडे परत आल्या, तरीही आपले सोवळे-ओवळे सांभाळत राहिल्या, आणि ज्या दिवशी त्यांचे स्वतःचे मन वळले त्या दिवशीच त्यांनी पाऊल टाकले. म्हणजे एकाच घरात श्रद्धा दोनदा, दोन वेगळ्या वाटांनी आली. दुसऱ्याची श्रद्धा आपल्याला वारशाने मिळू शकते, पण ती वडिलोपार्जित जमिनीसारखी नावावर करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी चावडीवर स्वतः जावे लागते, असे मी त्या मुलीला म्हटले. तिने त्या वर्षी दृढीकरण घेतले नाही. तिचे वडील माझ्यावर काही महिने नाराज होते. पुढच्या वर्षी तिने ते स्वतः मागून घेतले.

मुलींशी बोलताना मी पंडिता रमाबाईंचे उदाहरण देते, पण त्यांच्या विद्वत्तेचे नाही. ते त्यांच्या पाठ्यपुस्तकांत असते. केडगावला बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. त्यात सुमारे १८ वर्षे गेली. कानांनी कमी ऐकू येत होते, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई स्वतः गेल्या. पुस्तक छापून बाहेर आले ते १९२४ मध्ये. हे सांगितल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांनी बघितलंच नाही." वर्गातल्या त्या वाक्याला मी पुढे काही जोडले नाही.

यंदाच्या निकालाच्या रविवारी मी उत्तीर्ण झालेल्या सर्व मुलांची नावे अकारविल्हे वाचली, टक्के सांगितले नाहीत, आणि जी दोघे नापास झाली त्यांच्यासाठीही नावे न घेता प्रार्थना झाली. एका पालकांनी नंतर चहाच्या वेळी मला विचारले, "मग आमच्या पोरीनं ९४ टक्के पाडले कशाला?" त्यांच्या पोरीने रात्री जागून अभ्यास केला होता आणि त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. तिचे मी घरी जाऊन वेगळे कौतुक केले. यावर अजून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

फेब्रुवारीत, परीक्षेच्या आधी, वर्गात कॉपीवरून वाद झाला होता. माझी बाजू कमकुवत होती, हे कबूल केले पाहिजे. दहावीतल्या एका मुलीने मुद्देसूद मांडले की निम्मी मुले चिठ्ठ्या नेतात, पर्यवेक्षक खिडकीबाहेर बघत उभे राहतात, भरारी पथक आले की निरोप आधीच आलेला असतो, आणि प्रवेशाच्या यादीत प्रामाणिकपणाचा रकाना नसतो. "मी नाही केली, तर माझी जागा ज्यानं केली त्याला मिळणार. ह्यात न्याय कुठला?" मी योसेफाची आठवण करून दिली. ती म्हणाली, "बाई, त्याला अकरावीला सायन्स घ्यायचं नव्हतं." सगळे हसले, मीही हसले, आणि घंटा झाली. त्या दिवशी प्रार्थना करताना मला शब्द सुचत नव्हते.

मार्चमध्ये भूमितीचा पेपर झाल्यावरच्या रविवारी ती वेळेच्या आधी आली आणि उपासना संगीताची, म्हणजे भक्तिगीतांची, पुस्तके बाकांवर ठेवायला लागली. पेपर कसा गेला, असे मी विचारले.

"चार मार्कांचा एक प्रश्न सोडला."

"येत नव्हता?"

"पुढच्या बाकावर सोडवून ठेवला होता," ती म्हणाली, "उघडाच." आणि उरलेली पुस्तके घेऊन ती पलीकडच्या रांगेकडे गेली.